साखळी काढल्यावर

प्रिय कार्मेन,

तू सोडून गेलीस, तरी लग्नातली सोन्याची साखळी अकरा वर्षं गळ्यात होती. काल परळच्या हॉस्पिटलात घशातल्या गाठीच्या रेडिएशनसाठी ती काढायला लावली. वर डॉक्टर वैशाली म्हणतात, "एडवर्ड अंकल, गाठीत सोन्याचे बारीक कण सोडू, म्हणजे किरणांचा मारा तिथेच जास्त बसेल. ट्रायल आहे, विचार करून सही करा."

अगं, बाहेरचं सोनं चालत नाही आणि आतलं चालतं? दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा समजावलं, मी दोनदा मान डोलावली, डोक्यात काही शिरलं नाही. तरी सही केली.

फॉर्मवर खाली जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि फोन नंबर हवा होता. पेन धरून बसलो, मग तुझंच नाव लिहिलं, नंबरही तुझाच.

हे पत्र टाकणार नाही. पण हॉस्पिटलातून फोन आला, तर राँग नंबर म्हणू नकोस.

तुझा कोण, तेही न कळलेला,
एडवर्ड