बाबांची दुहेरी गाठ

ती. आईला, तुझ्या भटक्याचा नमस्कार.

पत्र आज लिहू, उद्या लिहू करत टाळत राहिलो, रागावू नकोस. मी धडधाकट आहे, वेळेवर जेवतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

विमानात माल चढवायचं काम मिळालंय. गोदामातल्या मांजरीला चार पिल्लं झालीत. हां, तर आमचं दोन इंजिनांचं विमान गेल्या आठवड्यात उडाल्या उडाल्या कलंडून शेतात पडलं. पायलट वाचला.

मेकॅनिक म्हणतो, डावं इंजिन बंद पडलं असेल. मग एकटं उजवं विमानाला फिरवून पाडतं. मुकादम म्हणतो, "पेट्या सुटून मागे घसरल्या, म्हणून नाक वर जाऊन विमान पडलं. पेट्या कुणी बांधल्या होत्या, राजे?"

मीच बांधल्या होत्या, बाबा टेम्पोवर मारतात त्या दुहेरी गाठीनं. तेव्हापासून रोज रात्री तीच गाठ मारतो आणि ओढून बघतो.

थांब, दारात कुणीतरी आलंय. अगं, पायलटच आहे, एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्यात दोराचा तुकडा. म्हणतोय, "मोडकं विमान बघून आलो. पेट्या जागच्या हलल्या नव्हत्या. गाठ सुटेना, शेवटी दोर कापला. कुणाची रे ही गाठ?"

मुकादमाला बोलावून आणतो. बाबांना सांग.

तुझा धाकटा