दोन सीटचं विमान, एक पक्कड

बुधवार, ४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल, मंगळवार ३ जून रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कुरियरवाल्याने माझ्या दारात एक लांबलचक खोकं आणून टाकलं. उघडून पाहिलं तर आत पत्रे जोडणारे रिव्हेट दाबायची हातपक्कड. दांडे इतके लांब, की तू मला छत्री पाठवलीस असं मला आधी वाटलं.

आपलं काय ठरलं होतं ते लिहून ठेवते, कारण तू विसरल्याचं सोंग घेणार. घरी जोडायच्या विमानाच्या किटचे पत्रे आपण वाटून घेतले. पंख तुझ्या शेडमध्ये, शेपूट माझ्या जेवणाच्या टेबलावर. पक्कड दोघांत एक, आणि दोघांनी हातात धरून, दाबून पाहिल्याशिवाय ती घ्यायची नाही. मी इकडच्या अवजारांच्या दुकानात तीन पकडी बाजूला काढायला लावल्या होत्या. दुकानदार आता मला पाहिलं की विचारण्याआधी स्टूल पुढे करतो. आणि तू मात्र मला न विचारता खरेदी करून मोकळा.

पकडीचा जबडा चांगला आहे. खोल आहे, पत्र्याच्या आतपर्यंत पोचतो. जन्मभर दातांचा दवाखाना चालवला आहे, जबड्यातलं मला कळतं. पण दांडे असे फाकतात की माझी बोटं पलीकडच्या दांड्याला पोचतच नाहीत. दोन्ही हात लावले तर पत्रा कोण धरणार, तुझा कुत्रा?

आणखी एक. जो अर्धं विमान करणार नाही तो त्यात बसणार नाही, हा नियम तू केलास आणि मी तो फ्रिजवर चिकटवला. तेव्हा माझ्या हाताला न बसणारी पक्कड पाठवण्याचा अर्थ मला कळतो. मला सीटवरून उठवायचं असेल तर तसं सरळ लिही.

फोन करू नकोस. मी बोलायला लागले की तू रिसीव्हर उशीवर ठेवून चहा प्यायला जातोस, हे तुझ्या बायकोनेच मला सांगितलं आहे.

माया आहे, पण सध्या ती रागाच्या खाली दबली आहे.
तुझी ताई

·

सोमवार, ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमननेही ते जरा लांबूनच दिलं. टाइप करून उत्तर देतोय याचा राग मानू नकोस. माझ्या अक्षराला तूच नेहमी कोंबडीचे पाय म्हणतेस.

ताई, दांडा लांब तितका जोर कमी, हे मी शाळेत असताना तूच मला शिकवलं होतंस, तेही कान धरून. दुकानात पक्कड हातात घेतली आणि वाटलं, हीच. विचारायचं राहून गेलं, एवढंच. सीटवरून उठवण्याचं माझ्या स्वप्नातही नाही. तुला उठवायला क्रेन लागेल, आणि ती भाड्याने आणली तरी तू ड्रायव्हरला खाली उतरवशील.

माझ्या हातात ही पक्कड लोण्यासारखी चालते. पाठवण्याआधी सरावाच्या पत्र्याच्या पट्टीवर रिव्हेटची एक ओळ मारली होती, ती सोबत पाठवतो. बघून खात्री कर. तुला झेपतच नसेल तर तिकडच्या दुकानदाराला तसं सांगून बदलून घे, माझी अजिबात हरकत नाही. ताईच्या हाताला बसली नाही म्हणावं. नाहीतर शेपूट इकडे पाठव, तेही मीच करून टाकतो.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे. पक्कड नको.
तुझा धाकटा

ता. क. – ताई, खाली थोडी जागा आहे म्हणून मी लिहिते. ती पक्कड आमच्याकडे आली त्या दिवशी ह्यांनी तिच्यावर अक्रोड फोडून दाखवायचं ठरवलं. पाहुणे बसले होते. अक्रोड तसाच राहिला आणि हेच उठून बाहेर गेले. शेवटी मी तो दारात चेपून फोडला. बाकी ठीक. हल्ली हे चहा डाव्या हाताने ढवळतात. विमान उडवणारे लोक उजवा हात मोकळा ठेवतात, असं म्हणाले. तुम्हाला माहीत होतं का? – वहिनी

·

शुक्रवार, १३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पट्टी पोचली. खिडकीत नेऊन, दवाखान्यातला जुना आरसा आणि भिंग घेऊन पाहिली.

रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या एका बाजूला, शेपटी दुसऱ्या बाजूला. शेपटी सरळ चेपली तर तिचं गोल बटण होतं. तिरकी चेपली तर ती आडवी पडते, आणि मग ड्रिल लावून काढावी लागते. तुझ्या ओळीतले पहिले दोन सरळ आहेत. त्यापुढचे सगळे आडवे पडलेत, आणि सगळे एकाच बाजूला. पक्कड खराब असती तर पहिलाही वाकडा आला असता. तेव्हा पक्कड नाही, हात दमलाय. अंगठ्याकडची पकड सुटते आणि जबडा कलतो.

माझ्यासमोर आ करून बसलेल्या माणसांनी मला जन्मभर सांगितलं, की दुखत नाही. मी त्यांचं कधी ऐकलं नाही. तुझंही ऐकणार नाही. टाइप केलेलं पत्र, डाव्या हाताने चहा, न फुटलेला अक्रोड. लांब दांडे तू माझ्यासाठी घेतले नाहीस, मला सीटवरून उठवायलाही नाही. ते तुझ्या अंगठ्यासाठी घेतलेस. तेही पुरले नाहीत, तेव्हा पक्कड माझ्याकडे रवाना केलीस, म्हणजे मी हात टेकीन, मी बदलून आणीन, आणि जगात बोभाटा होईल तो ताईच्या हाताचा.

शेपूट मीच करून टाकतो म्हणे! काय रे हा निर्लज्जपणा?

कधीपासून दुखतंय ते लिही. तुझ्या बायकोला अजून काही विचारलेलं नाही. हे उपकार समज.

माया राग बाजूला सारून वर आली आहे. फायदा घेऊ नकोस.
ताई

·

बुधवार, १८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टाइपच करतोय. आता कारण तुला माहीत आहे.

हिवाळ्यापासून दुखतंय. अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला आहे. डॉक्टर म्हणाले की बाकी सगळं कर, दाबादाबी नको. मी त्यांना विमानाचं सांगितलं नाही, बागकाम करतो म्हणालो. घरीही बोललो नाही, कारण ही शेडला कुलूप लावील आणि किल्ली पिठाच्या डब्यात लपवील. अक्रोडाच्या दिवशी बाहेर गेलो तो नळाखाली हात धरायला.

पंखांचे पत्रे जुळवून, चिमटे लावून ठेवले आहेत, पण ते रिव्हेट माझ्याने होणार नाहीत. फ्रिजवरचा नियम माझाच आहे, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. अर्धं विमान मी करू शकत नाही, म्हणजे मी त्यात बसत नाही. पायलट मी, मीच बसणार नाही तर तू तरी एकटी काय करशील? किट विकून टाकू या असं मला वाटतं. एक गिऱ्हाईक विचारत होतं.

रागव, पण थोडंच.
धाकटा

·

सोमवार, २३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

किट विकायचं पुन्हा नाव काढलंस तर तुझं हे पत्र मी वहिनीला वाचून दाखवीन, बागकामासकट.

तुझी छत्री घेऊन मी दुकानात गेले. दुकानदाराने स्टूल दिलं. तिन्ही पकडी पुन्हा दाबून पाहिल्या. एक नुसतीच सुंदर होती. एक सुरुवातीला हलकी, पण ऐन चेपताना अडून बसते, अगदी तुझ्यासारखी. तिसरी आखूड दांड्यांची, दुहेरी सांध्याची. शेवटच्या क्षणी, जिथे जोर खरा लागतो, तिथे ती हलकी होते. ती उजव्या हाताने दाबली, मग डाव्याने. दुकानदाराने विचारलं की पक्कड नक्की कोणासाठी. मी म्हटलं, दीड माणसासाठी.

छत्रीच्या बदल्यात ती घरी आणून तिचा एक दांडा टेबलाला लावलेल्या शिकंज्यात घट्ट धरला. आता दुसरा दांडा तळहाताने, अंगाचा भार देऊन दाबायचा. अंगठ्याला काम उरत नाही. फक्त एकाने पत्रा धरायचा आणि दुसऱ्याने दाबायचं. विमानाच्या शेपटाची एक अख्खी ओळ शेजारणीला पत्रा धरायला लावून केली. एकही रिव्हेट आडवा नाही. शेजारीण तेवढी दमली.

तेव्हा मी शेपूट, पक्कड आणि शिकंजा घेऊन तिकडे येते आहे. तुझे वाकडे रिव्हेट आधी काढीन, भूल न देता. मग पत्रा तू धरशील, दाबीन मी, आणि मला कंटाळा आला की डाव्या तळहाताने तू.

नियम मी फ्रिजवरून काढून पुन्हा वाचला. अर्धं विमान करावं असं त्यात लिहिलं आहे. कोणत्या हाताने, ते लिहिलेलं नाही. नियम करताना तू घाई केलीस, त्याचा फायदा आता निमूटपणे घे.

माझ्या दोन अटी आहेत. मी पोचायच्या आत अंगठ्याचं वहिनीला तू स्वतः सांगायचंस. आणि डॉक्टरांना विमानाचं सांगून, उडवायला हरकत नाही ना, हे विचारायचंस. ते नको म्हणाले तर उडवायला मी शिकेन. विमान कपाटात ठेवण्यासाठी आपण करत नाही आहोत.

दोन्ही अटी मान्य आहेत की नाहीत, याचं लेखी उत्तर शनिवार, २८ जून, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. टाइप केलेलं घेणार नाही. डाव्या हाताने लिही. कोंबडीचे पाय मला वाचता येतात.

ताई