बुलाकचं कार्ड

अप्पा,

अक्काचं बोलणं गेलं आहे. आठ महिने झाले. सकाळी देवापुढं दिवा लावायला बसली ती उठलीच नाही. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडातले सगळे शब्द एका फटक्यात गेले. पाय थोडा परत आला. हातही भाकरीचा तुकडा मोडण्यापुरता आला. शब्द मात्र दोनच आले, ‘हो की’ आणि ‘राहू दे’. चहा हवा असला तरी ‘हो की’, नको असला तरी ‘हो की’. औषध पुढं केलं की ‘राहू दे’, मुलाचा फोन आला की ‘राहू दे’. तो बंगळुरूहून व्हिडिओवर तिला म्हणतो, ‘आई, बोल ना, ट्राय कर,’ जणू ती रुसून बसली आहे. मी त्याला म्हटलं, बाबा, तूच ट्राय कर, इकडं सोलापूरला येऊन चार दिवस राहून बघ. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. म्हणजे या घरात आता न बोलणारी माणसं दोन झाली. भवानी पेठेतलं माझं घर बंद करून मी तिच्याकडं शुक्रवार पेठेत राहायला आले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही रिक्षानं दवाखान्यात जातो. तिथं बोलणं शिकवणारी एक मुलगी आहे. ती काय करते सांगू? अक्काच्या डाव्या हातात एक वस्तू ठेवते आणि गप्प बसते. चमचा, कैची, किल्ली, कंगवा. ठेवते आणि वाट पाहते. पहिल्या दिवशी पाहिलं आणि ओळखलंच, ही तर तुमची पद्धत. तिच्या पुस्तकात ती कुणाच्या नावावर आहे मला माहीत नाही, मी ती आपल्या घरी पाहिली आहे. तर तिनं चमचा दिला. अक्का त्याच्याकडं बघत राहिली, ओठ हलले, आणि मी म्हणाले, ‘चमचा गं अक्का, चमचा!’

ती मुलगी म्हणाली, ‘मावशी, तुम्ही बोलू नका की. तुम्ही बोललात की त्यांचा शब्द परत आत जातो.’

तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लोकांची अर्धी वाक्यं मीच पुरी केली. मी म्हणाले, ‘बाई, तुझ्या वयापेक्षा माझी नोकरी जास्त झाली आहे.’ ती हसली. म्हणाली, ‘मग बाहेर बाकावर बसता का?’ मी आतच बसले. गप्प.

तुम्ही मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होतात. हजेरीच्या खिडकीपुढं तेलुगू, कानडी, दखनी, मराठी एका रांगेत उभ्या असायच्या आणि तुम्ही हजेरी लावता लावता कान देऊन असायचात. वाया गेलेली हजेरीकार्डं घरी आणून त्यांच्या कोऱ्या पाठीवर शब्द लिहायचात. वेड तुर्की शब्दांचं. तुर्कीच का, हे मी कधी विचारलं नाही. आई म्हणायची, ‘सोलापूरच्या कारकुनाला त्या तुर्कांशी काय करायचंय?’ तुम्ही म्हणायचात, ‘तुर्क कुठं आलेत आपल्या घरात? त्यांचे शब्द येऊन बसलेत. तुझ्या हातातल्या कैचीला विचार. कात्री आपली घरची, कैची पाहुणी.’ तोप तिकडची, कनात तिकडची, कुमक तिकडची. हजेरीपटावरचे खान आणि बेग तिकडचे, आणि मागांच्या साच्याखात्यातल्या ज्या मराठा जॉबरला, म्हणजे मुकादमाला, सगळे बहाद्दर म्हणायचे त्याचं ते बिरुदही तिकडचंच असावं. कुठल्या तरी गवताळ मैदानात, घोड्यांच्या छावणीत जन्मलेले शब्द फारसीचा अंगरखा घालून दख्खनेत उतरले, असं तुम्ही जेवताना सांगायचात, आमटी गार होईपर्यंत. एकदा मी तुमच्या जाड कोशात डोकं घालून ओरडले, ‘अप्पा, आका म्हणजे तुर्कीत मोठा भाऊ! म्हणजे आपली अक्कापण तुर्की!’ तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, ‘तोंडावळा जुळला म्हणून सोयरीक होत नसते. अक्का कानडीकडची. चार घरं सोडून विचार जा.’ अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला.

कार्डावर तुम्ही कधी छातीठोक लिहिलं नाही. ‘तुर्की असावा’ एवढंच. आणि शब्दापुढं पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह. ‘असावा’ कायमचं, पण प्रश्नचिन्ह खोडायला तुमची एक अट होती. पुस्तकात सापडला तो शब्द पुस्तकाचा. दोन वेगळ्या घरांतून, न सुचवता, ऐकला तर तो सोलापूरचा. त्यासाठी तुम्ही आम्हा दोघींना घरोघर पाठवायचात. ‘वस्तू हातात दे आणि गप्प बस. नाव त्यांच्या तोंडून येऊ दे.’ अक्काला ते जमायचं. ती म्युनिसिपालिटीच्या शाळेतली. कुणाच्याही उंबऱ्यावर बसून तासभर शेंगा फोडायची आणि उठताना शब्द घेऊन यायची. मी कॉन्व्हेंटची. आमच्याकडं सिस्टर विचारायच्या आणि जिचा हात पहिला वर, ती हुशार. मी रिकामी यायची. तुम्ही म्हणाला होतात, ‘तुला कान आहेत, पण ते तोंडाच्या मागं उभे असतात.’ आईनं ते गल्लीभर सांगितलं. मला अजून झोंबतं. प्रत्येक कार्डाच्या खाली तुम्ही ऐकणाऱ्याचं नाव घालायचात. कार्डांचा डबा आता माझ्याकडं आहे, मी मोजत बसत नाही, पण कुठलंही कार्ड काढा, खाली तेच : ‘ऐकणारी : थोरली’. एक सोडून.

ते एक बुलाकचं. आजीच्या नाकातला तो मोत्याचा लोंबता दागिना आईच्या पेटीत होता. कोशात त्याचं मूळ तुर्की दिलं होतं, तुम्ही लिहिलंत ‘असावा’. अक्कानं तो एका तेलुगू विणकराच्या आईपुढं धरला. म्हातारी ‘बुलाकी’ म्हणाली. एक घर झालं. दुसरं घर खालांचं, म्हणजे कोपऱ्यावरच्या दर्जीच्या बायकोचं. त्या दिवशी अक्का तापानं पडली होती म्हणून मला पाठवलंत. खाला कुडत्याला काज करत होत्या. मी दागिना त्यांच्या हातात दिला आणि उभी राहिले. त्यांनी तो उजेडात धरला. ‘किसका है गे ये? तेरी दादी का? मोती देख कैसा है. कायकू लाई? गुमाएगी तो माँ चमड़ी निकालेगी.’ मोत्याबद्दल बोलल्या, सोनाराबद्दल बोलल्या, स्वतःच्या सासूच्या नाकाबद्दल बोलल्या. नाव काही घेईनात. मी किती थांबले असेन? एक काज पुरं होईपर्यंत. मग म्हणाले, ‘इसकू बुलाक बोलते ना, खाला?’ त्या दोरा दातानं तोडत म्हणाल्या, ‘हौ, बोलते होंगे. बैठ, चा पी.’

मी चहा न पिता पळत आले. तुम्ही विचारलंत, ‘म्हणाल्या?’ मी म्हणाले, ‘म्हणाल्या.’ ‘तू नाही ना सुचवलंस?’ ‘नाही.’ तुम्ही खोडरबर घेतलं, प्रश्नचिन्ह खोडलंत, कार्डावरची भुकटी फुंकलीत आणि तुमचा टाक माझ्या हातात दिलात. त्याला आम्ही दोघींनी कधी हात लावला नव्हता. ‘लिही तुझ्या हातानं. ऐकणारी : धाकटी.’ अक्का गोधडीतून बघत होती. तापातही खूश झाली वेडी. म्हणाली, ‘बघा अप्पा, जमलं की तिला!’

आता पुढचं ऐका. त्या मुलीनं आम्हाला एक वही दिली आहे. रोज घरी दहा वस्तू अक्काच्या हातात द्यायच्या आणि नाव आलं तर पुढं लिहायचं, ‘स्वतःहून’ की ‘सांगून’. दोन महिने वही कोरी. मग ती म्हणाली, ‘मावशी, सुधारणा दिसली नाही तर मला आठवड्याचे दोन वार ठेवता येणार नाहीत. बाहेरची रांग बघताय ना?’ मी रांग बघितली. तरणी तरणी माणसं, बायकोच्या खांद्यावर हात टाकून बसलेली. त्यांची दया यायला हवी होती. मला आमचा मंगळवार जाईल याचीच भीती वाटली. घरी येऊन मी लिहिलं, ‘चमचा : स्वतःहून’. दोन दिवसांनी ‘किल्ली : स्वतःहून’. मग कैची. मग कंगवा. अक्षर फार सुंदर आलं. कॉन्व्हेंटचं.

ती मुलगी वही बघून टाळ्या वाजवायची बाकी राहिली. त्या चार शब्दांवर विसंबून तिनं गेल्या शुक्रवारी वस्तू बाजूला ठेवल्या आणि चित्रं काढली. भाजीबाजार, बायका, तराजू, पळणारं कुत्रं. ‘आजी, यात काय चाललंय ते सांगा.’ अक्कानं चित्र बघितलं. ‘हो की,’ म्हणाली. दुसरं चित्र. ‘हो की.’ मग तिच्या वरच्या ओठावर घाम आला. तिला कळत होतं, अप्पा. आपल्याकडून काहीतरी मोठं मागताहेत आणि आपल्यापाशी ते नाही, हे तिला लख्ख कळत होतं. तिनं डाव्या हातानं चित्र पालथं घातलं, ‘राहू दे’ म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. रिक्षात दरवेळी माझा हात धरते. त्या दिवशी धरला नाही. शनिवारपासून वस्तू हातात दिली तरी ओठ हलवत नाही. आधी निदान हलायचे. माझ्यामुळं गेलं ते, आणि ते परत कसं आणायचं हे मला येत नाही. बोलून काहीही करता आलं असतं तर मी कधीच केलं असतं.

आज दुपारी मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. वहीचं सांगितलं, बुलाकचंही सांगितलं. ती माझ्याकडं बघत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, ‘राहू दे.’ आता हे तिनं मला पदरात घेतलं म्हणून म्हटलं, की औषधाला म्हणते तसं म्हटलं? मी कुणाला विचारू? तुम्ही असतात तर कार्ड केलं असतं आणि पुढं प्रश्नचिन्ह घातलं असतं.

मग मी कैची तिच्या हातात दिली. कूकर लावलेला होता. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. तिनं कैची उघडली, मिटली, माझ्या बाहीचा सुटलेला दोरा दिसला तो पुढं वाकून कापला. बोटांना सगळं आठवतंय. तिसरी शिट्टी झाली. तिच्या घशात काहीतरी हललं, आणि माझ्या जिभेवर तो शब्द असा उभा राहिला की मी पदर तोंडात धरला. आला नाही. कूकर बंद करायलाही मी उठले नाही, भात खाली लागला. वहीत जुने चार ‘स्वतःहून’ खोडले आणि आजच्या तारखेला लिहिलं, ‘कैची : आली नाही.’ उद्या मंगळवार. त्या मुलीपुढं वही ठेवायची आहे. ती वार काढून घेईल किंवा घेणार नाही.

हे कागद मी तुमच्या डब्यात ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं पाठवू? खालांनी बुलाक म्हटलं नव्हतं, अप्पा, मीच म्हटलं. कार्ड काढून मी प्रश्नचिन्ह होतं तिथं परत घातलं आहे, बारीक, पेन्सिलीनं, तुमच्यासारखं. खालचं ‘ऐकणारी : धाकटी’ही खोडायला हवं होतं. खोडरबर हातात घेऊन बराच वेळ बसले. नाही खोडलं. माझ्या नावाचं तेवढं एकच आहे.