जोसेफची घागर

मंगळ., १४ एप्रिल
रविवारी अक्षय तृतीया. बाबा पौषात गेले, यंदा त्यांना पितरांत मिळवायचं. सौंदडहून काका येतील. आईने विचारलं, घागरी किती आणतोस? बघू म्हटलं.
बाबा दरवर्षी दोन आणायचे. एक आपल्या पितरांची, पाण्याने भरलेली. दुसरी जोसेफची. निखाऱ्यावर घासही त्याच्या नावाने वेगळा टाकायचे. नेव्हीत दोघे एकाच इंजिनरूममध्ये. एकाहत्तरात जहाज बुडालं. बाबा वाचले, तो सापडला नाही. त्याच्या घागरीत बाबा धान भरायचे. लहानपणी विचारलं होतं, पाणी का नाही? "त्याले पाणी खूप झालं." नेव्हीबद्दल याहून जास्त माझ्याशी कधी बोलले नाहीत.

गुरु., १६
काकांचा फोन. "किरिस्तावाले घास कायले रे? भाऊ होता तवा मी बोललो नाही. आता भाऊच पितरात जाऊन राहिला. त्याच्या बाजूले परका नको. मांडशील तर मी येत नाही."
फोन ठेवला. बाबांच्या पहिल्याच घासाला सख्खा भाऊ नसला तर...
आई चिंच कोळत होती. "काका चूक नाही बोलत," म्हणाली. कोळ गाळून झाल्यावर, "पण तुहा बाप त्या दिवशी त्याचा घास टाकल्याबिगर जेवला नाही कधी."

शुक्र., १७
गोंदियाच्या बाजारात बाबांचं सांगून दोन घागरी मागितल्या. कुंभारीण म्हणाली, "एक ही तो गए ना भैया, दो काहे को?" एकच घेतली. घरी, मुर्रीला जाणाऱ्या ऑटोत बसलो, उतरलो, परत गेलो.
"याद आ गया कोई?"
हो म्हटलं.

रवि., १९
काका आले. फोनवरचं त्यांनीही काढलं नाही, मीही नाही. बाबांची घागर भरलेली, दुसरी अजून रिकामी. काका पाटापुढे उभे राहिले.
"मांडलीच का शेवटी?"
"हो."
त्यांच्यासमोरच ओंजळीने धान भरलं. काका गेले नाहीत. बाबांचा घास त्यांनी टाकला, जोसेफचा मी. मग जेवलो.
संध्याकाळी स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी लेट. काका एकदम म्हणाले, "त्याले पोहता येत होतं का रे?"
माहीत नाही म्हटलं. बाबांना येत होतं, दोघे भाऊ सौंदडच्या तलावात शिकले.
"लगन झालं होतं? घरी कोण होतं त्याच्या?"
गाडी येईपर्यंत विचारत राहिले.