तुझा मुराळी

प्रिय वहिनी,

परवा नंदू तुला आणायला गव्हाणला जाऊन आला. म्हणून हे पत्र.

तू गेल्याचं आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं गं! त्या दिवशी त्याला ओवे गावी काकांकडे पाठवलं. "त्याला झेपायचं नाही, पुन्हा दवाखाना गाठावा लागेल," असं दादा म्हणाला आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी माहेरी गेलीय, एवढंच त्याला सांगितलं. माहेरी! दुसरं काही सुचलं नाही का आम्हाला?

तुला माहेराहून आणायचं काम त्याचंच, हे आम्ही कसं विसरलो?

लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला तू गव्हाणला निघालीस, ते आठवतं? माझ्या या धाकट्या भावाचं कॉलेज तेव्हा सुटलं होतं. कानात माणसं बोलायची, कोणीतरी मारायला येतंय असं वाटायचं. वर्षभर तो बिल्डिंगच्या खाली उतरला नव्हता. आणि तू दारात पिशवी घेऊन म्हणालीस, "मला न्यायाला भावजीच येतील. दुसरा मुराळी आला तर मी नाय येनार." दादा केवढा भडकला! पण हट्टात तू काय कमी होतीस?

आणि आला की तो तुला घेऊन! एसटीत मांडीवर सुकटीची पिशवी, कंडक्टरने नाक धरलेलं, आणि तुझा मुराळी खिडकीशी ताठ बसलेला. सांगताना तुला हसू आवरत नव्हतं. आई मात्र देवापुढे बसून रडली. मग दर वर्षी तोच जायचा.

जेवताना मध्येच तो कान झाकून घ्यायचा. तू भाकरी वाढत म्हणायचीस, "भावजी, सांगा त्यांना, आमी जेवतो हाय. मागून या." एकदा त्याने विचारलं, "वहिनी, तुला येतात का गं ऐकू?"

"नाय," तू म्हणालीस. "पन तुमाला येतात ना? मंग तरास होनारच."

त्याच्याशी तू कधी खोटं बोलली नाहीस. आईला त्याच्या गोळ्यासुद्धा वरणात लपवू दिल्या नाहीस. मग स्वतःची कावीळ कशी लपवलीस? शेवटपर्यंत अंगावर काढलीस, कोणाला बोलली नाहीस. याचा राग आहे मला तुझ्यावर, अजून आहे.

तू गेल्यापासून मी इथेच, नवीन पनवेलला राहतेय. परवा सकाळी नंदू दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कोणाला न सांगता निघाला. आम्ही सगळे सेक्टर पालथे घातले. दुपारी तुझ्या भावाने बूथवरून फोन केला. "सुमनताई, नंदू आयलाय. ताईला न्यायाला आयलो म्हनतो. आमी काय सांगू त्याला?"

"काही सांगू नका, एसटीत बसवून द्या," मी म्हणाले.

संध्याकाळी तो एकटाच परत आला. पाणी प्यायला. "वहिनीची आई माझा हात धरून रडत होती," म्हणाला. मग माझ्याकडे वळला.

"ताई, वहिनी असती तर तिने मला खरं सांगितलं असतं."

मग सांगितलं मी. कावीळ, दवाखाना, स्मशान, सगळं. रडला गं तो! घरातलं माणूस गेल्यावर कोणीही रडेल तसाच, मोठमोठ्याने. इतके दिवस आम्ही त्याचं तेवढं रडणंही अडवून धरलं होतं.

दादा अजून म्हणतो, त्याला कायमचं दवाखान्यात ठेवू. मी नाही म्हटलंय. तुझ्यासारखं मला जमणार नाही, वहिनी. माझा आवाज चढतो, मला भीतीही वाटते. पण त्याच्याशी खोटं बोलणार नाही आणि या घरात कोणाला बोलू देणार नाही.

तुझा फोटो त्याला दिसू नये म्हणून दादाने कपाटात उलटा ठेवलाय. उद्या तो भिंतीवर लागेल, आणि खिळा नंदूच ठोकेल. शब्द देते तुला.

तुझी नणंद,
सुमन