केतकीचा वितळलेला खडक

१२ जानेवारी
इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका आली. आमच्या कन्येचा पहिला मराठी लेख, पृथ्वीच्या पोटातल्या खडकांवर. केतकीने (के.) लिहिलं होतं: खोलवर खडक भयंकर तापलेला असतो, पण दाबामुळे वितळत नाही, घट्टच राहतो, दाब उतरला किंवा पाणी मुरलं की वितळतो. छापलंय: 'प्रचंड दाबामुळे खडक वितळतो.' बरोबर उलटं! वर तिचं नाव, फोटोसकट.
मूर्खासाठी संस्कृतात शब्द पुष्कळ. दुपारपर्यंत सगळे त्या छापणाऱ्यावर वापरून संपले. सौ. म्हणाली, "आता मराठीत या, आणि भाजी आणा."

१३ जाने.
शिवाजी नगरला गेलो, मंडळाचे सचिव वझलवारांच्या घरी. संस्कृतामुळे त्यांच्यासाठी मी 'पंडितजी'.
"पंडितजी, मीच सुधारलं. पोरीनं उलटं लिहिलं होतं. दाबानं नाही तं कशानं वितळंन? कुकरमधी डाळ शिजते ना?"
म्हटलं, कुकरमध्ये दाबामुळे पाणी लवकर उकळत नाही, म्हणून जास्त तापतं. कुकर केतकीच्याच बाजूचा आहे!
"अरे, छोडो ना. वाचतं कोण?"
तिचे पीएच.डी.चे गाइड वाचतात. सोलापूरचे आहेत, मराठी येतं. तीन वर्षं ती दोन हिऱ्यांच्या टोकांत खडकाचा कण दाबून, लेसरने तापवून हेच तर मोजतेय. चहा न घेता उठलो. चहा आलेला होता, तरी.

१४ जाने.
के.चा फोन. गाइडनी विचारलं, "हे तू लिहिलंस?" आवाज सपाट. रडली असती तर परवडलं असतं. रविवारी तिळगुळाच्या कार्यक्रमात तिचा सत्कार. "येणार नाही, बाबा. ज्याने केलंय त्याने आधी लेखी कबूल करावं."
वझलवारांना फोन केला, शेजाऱ्यांनाही ऐकू गेला असेल. तीस वर्षं बातमीदारी केली, असला बेजबाबदारपणा... वगैरे. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "लिहून देतो. पण प्रूफ तुमच्याकडं आलं होतं, पंडितजी. सही बघा एकदा."

१५ जाने.
बघितली. प्रूफवर त्यांची लाल दुरुस्ती, शेजारी माझी सही. आठवलंही. वाचलं होतं. वाटलं, हं, हे जास्त पटतंय. लेकीला एक फोन करावा, हे सुचलं नाही. दोन स्वल्पविराम तेवढे मोठ्या अधिकाराने बदलले.
आता एवढा राग कुठे नेऊन घालू?
संध्याकाळी वझलवारांचा खुलासा मोबाइलवर आला. सगळी चूक स्वतःवर घेतलीय. माझं नाव नाही, सहीचा उल्लेख नाही. खाली एक ओळ: "बिटियाला पाठवून द्या."
सौ. दोनदा विचारून गेली, "पाठवलंत का?"
मजकूर सुबक आहे. एकही चूक नाही. म्हणजे, तशी एक, माझ्या नावाची...