तुझ्या खोलीतला हीटर

प्रिय टिल्लू,

प्रिंटर आपोआप सुरू झाला म्हणून दचकू नकोस. नंबर बदलून तू दुसरा मार्गच ठेवला नाहीस. घरातलं सगळं इथून फोनवर चालतं, तसा हा प्रिंटरही चालतो. पळू नकोस, आधी वाच.

सुट्टीला निघताना पाइप गोठू नयेत एवढ्यापुरतेच हीटर मंद ठेवले होते. परवा फोनने कळवलं, मागच्या खोलीतला हीटर कुणीतरी वाढवलाय. फिरायला आलेलो आम्ही तिघं त्या इवल्याशा पडद्याला डोळे लावून बसलो. तुझे भावोजी म्हणाले, बिघाड असेल. मग हॉलमधला टीव्ही लागला. बिघाड काही टीव्ही बघत बसत नाही.

भावोजी पोलिसांना फोन लावायला निघाले. ती खोली तुझी, पण तुझं नाव घ्यायची मला हिंमत होईना. 'या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस' म्हणणारे बाबा शेजारीच होते. तुझ्याकडची किल्ली मात्र त्यांनी कधी परत मागितली नाही, हे मला तेव्हा आठवलं.

इतक्यात टीव्ही बंद झाला आणि पाठोपाठ त्याचा प्लगही निघाल्याचं फोनवर दिसलं. टीव्ही बंद केला की प्लग काढायचाच, ही आई होती तेव्हापासूनची शिस्त. आपल्याशिवाय ती कोण पाळणार? बाबांनी भावोजींच्या हातातून फोन काढून घेतला. "चोर कशाला प्लग काढेल?" एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

टिल्लू, मला तुझा राग येतो. फ्रिज रिकामा करून आलोय, तू खातोस तरी काय? स्वतःच्या घरात चोरासारखं शिरावं लागलं तुला, याचा तर जास्तच राग येतो.

आज सकाळी तू हीटर बंद केलास, म्हणजे निघालास. तो पुन्हा सुरू झाला. तू बंद केलास, तो परत सुरू. यंत्र बिघडलंय असं वाटलं असेल तुला. यंत्र ठीक आहे. माझा फोन सकाळपासून बाबांच्या हातात आहे, ते जेवायलाही उठले नाहीत. हे मी भावोजींच्या फोनवरून लिहितेय. सुट्टी अर्धवट टाकून आम्ही निघालोय, उद्या पोचू. तोवर थांब. तू कितीदाही बंद कर, ते पुन्हा सुरू करतील.

तुझीच,
ताई